भोईर सरांचा शब्द

भोईर सर कुणाच्याही घरी आले की आधी खुर्ची नाकारायचे. "बसायचं ते म्हातारपनी," असं म्हणून दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे राहायचे आणि पाऊण तास तसेच गप्पा मारायचे. तेव्हाच ते साठीच्या पुढे गेलेले होते. नवा माणूस हे ऐकून हसायचा. तो हसला की सर त्याच्या पोटाकडे बोट दाखवून विचारायचे, "हे ओझं कदी उतरवनार?" त्यांच्या तोंडून हे ऐकताना राग यायचा नाही. काळाभोर, उंच, पाठीचा कणा ताठ, कानांवर पांढरे केस आणि डोळ्यांत कायम मिश्कील हसू. माणूस आवडून जायचाच. मलाही आवडला. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगायचं आहे ते ऐकून तुम्हाला वाटेल की ही बाई पहिल्यापासून त्यांच्यावर डूख धरून होती. तसं नव्हतं.

विरारच्या फुलपाड्यातल्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. सर आणि त्यांची बायको सिंधूकाकी चौथ्या मजल्यावर राहायला आले तो दिवस मला आठवतो. सर मूळचे जवळच्या चांदीप गावचे, भातशेतीवाल्या घरातले. शाळेत आयुष्यभर पी.टी. शिकवून निवृत्त झालेले. टेम्पोतून सामान उतरत होतं आणि सर गावच्या तांदळाची गोणी खांद्यावर घेऊन जिना चढत होते. माझा नवरा दिलीप दुधाच्या दोन पिशव्या हातात घेऊन दुसऱ्या मजल्याच्या वळणावर धापा टाकत उभा होता. सर गोणीसकट थांबले.

"दमलास?"

"शुगर आहे ना, सर," दिलीप म्हणाला.

"शुगर हाय म्हनजे काय? पाय हायेत ना?"

एवढं बोलून ते गोणी घेऊन पुढे गेले. दिलीप घरात आला तो हसतच. तो हसला याचंच मला नवल वाटलं. वालीवच्या कारखान्यात तो मशीन चालवायचा. चाळिशी ओलांडता ओलांडता त्याला मधुमेह निघाला, पाठोपाठ रक्तदाब. तेव्हापासून त्याने स्वतःला मोडीत काढलं होतं. कामावरून आला की सोफ्यावर आडवा, जेवला की पुन्हा आडवा. मुलगी मृणाल काही विचारायला गेली तर "मम्मीला विचार" हे उत्तर ठरलेलं. गोळ्या मात्र तो नेमाने घ्यायचा, फाशीची शिक्षा झालेल्या माणसासारखं तोंड करून.

दुसऱ्या दिवशी पहाटे सरांनी आमची बेल वाजवली. "दिलीपला पाठवा. पाच मिन्टात खाली." मी दार उघडलं तेव्हा ते चौकटीला टेकून उभे होते. दिलीप कुरकुरत गेला, आणि मग रोज जाऊ लागला.

पापडखिंडीच्या धरणावर सरांचा एक गट जमायचा. कुणी खानावळ चालवणारी, कुणी रिक्षावाला, कुणी गावडे यांच्यासारखे एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. सर सगळ्यांना धरणाच्या कडेने चालवायचे, मग हात-पाय हलवायला लावायचे, शेवटी सगळ्यांना गोल उभं करून पोटातून श्वास घ्यायला शिकवायचे. त्यांची वाक्यं घरोघर पोचली होती. "घाम ही देवाची दवा, तिला चिठ्ठी लागत नाय." "आळस हा एकच रोग, बाकी सगळी त्याची पोरं." गावडे तर ही वाक्यं नातेवाइकांना मोबाइलवर पाठवायचे, खाली सरांचं नाव घालून.

दिलीप बदलला. त्याचं वजन उतरलं, शर्ट सैल झाले. रविवारी तो मृणालला घेऊन जीवदानीच्या डोंगराच्या पायऱ्या चढून आला आणि दारातूनच ओरडला, "सुनीता, मध्ये फक्त एकदा थांबलो!" संध्याकाळी तो ओट्याजवळ उभा राहून माझ्याशी गप्पा मारू लागला. सरांसारखाच, न बसता. माझा नवरा मला त्या माणसाने परत आणून दिला होता. मी सिंधूकाकींना हे बोलूनही दाखवलं. त्या कांदा चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तो मानूस बोलून कायपन करवून घेतो."

भातकापणीच्या दिवसांत सरांनी आम्हाला चांदीपला नेलं. बांधावरून ते पुढे आणि आम्ही मागे. काकींनी चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण केलं. जेवताना सरांनी आपल्या बापाची गोष्ट सांगितली. बापाने जन्मात गोळी पाहिली नाही, सुई टोचून घेतली नाही, नव्वदीला टेकला तरी विळा हातात. "आपलं रक्त तेच हाय," सर म्हणाले आणि दिलीपच्या पाठीवर थाप मारली. दिलीपचे आईवडील लहानपणीच गेलेले. त्या थापेने त्याचा चेहरा जसा उजळला तसा मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

सर गोड खात नसत. मृणालच्या दहावीच्या निकालाचे पेढे मी वर घेऊन गेले तेव्हा त्यांनी एक कण मोडून जिभेवर ठेवला आणि बाकीचा पेढा माझ्याच हातात दिला. "तोंड गोड झालं, पोट कशाला गोड करायचं?" मी घरी येऊन दिलीपला सांगितलं, केवढा संयम आहे बघ या वयात. चहा ते बिनसाखरेचाच घेत, लग्नाच्या पंगतीत जिलेबीवरून हात फिरवून पुढे जात. आम्ही सगळे त्याला त्यांचं व्रत समजत होतो.

दिलीपच्या तपासणीत शुगर चांगली आली. आमच्या डॉक्टरांनी एक गोळी कमी केली आणि सांगितलं, "व्यायाम चालू, राहिलेली गोळीही चालू. ती बंद करायची नाही." दिलीपने हे धरणावर सांगितलं. सर म्हणाले, "गोळी म्हनजे कुबडी. कुबडी घेऊन कोन धावलाय?" पुढच्या रविवारी दिलीपने गोळ्यांचं पाकीट बरोबर नेलं. सगळ्यांच्या देखत ते धरणावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. टाळ्या वाजल्या. गावडे यांनी त्याच दिवशी आपल्या रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या. दिलीप घरी आला तेव्हा एखादी ट्रॉफी जिंकल्यासारखा दिसत होता.

मी सरांना जिन्यात गाठलं. "सर, डॉक्टर नको म्हणाले होते."

"सुनीताबाय, डॉक्टरला रोगी पायजे. मला मानूस पायजे."

"पण पुन्हा वाढली तर?"

"माझ्यावर इस्वास नाय का? या वयात मी एक गोळी घेत नाय, आनि तो तर पोरगा हाय. माझा शब्द घ्या."

मी त्यांचा शब्द घेतला. त्या ताठ उभ्या माणसाकडे पाहून कुणीही घेतला असता.

मग करोना आला. पहिल्या लाटेत धरणावर जाणं बंद झालं. सर गच्चीवर लोकांना लांब लांब उभं करून व्यायाम घेऊ लागले, तोही पुढे थांबला. दिलीपचा कारखाना काही महिने बंद होता. तो घरात बसून राहिला, वजन पुन्हा चढलं. तपासणीला जाऊ या म्हटलं की म्हणायचा, "आता दवाखान्यात जाणं म्हणजे आजार विकत आणणं." त्याचं तहान-तहान करणं मला दिसत होतं. मी म्हटलं तर चिडायचा, आणि मग वर जाऊन सरांशी बोलून शांत होऊन यायचा.

दुसऱ्या लाटेत आमची इमारत सापडली. दिलीपला ताप आला, त्याच आठवड्यात सरांनाही आला. खाटा मिळत नव्हत्या. शेवटी एका रुग्णालयात दोघांनाही जागा मिळाली, आणि तीही एकाच वॉर्डात. सिंधूकाकींना तो शुभशकुन वाटला. मलाही वाटला.

दाखल करताना एक तरुण डॉक्टर बाई होत्या. त्या पांढऱ्या पोशाखात त्यांचे फक्त डोळे दिसत होते. त्यांनी दिलीपला विचारलं, "शुगर, बीपी, दमा?"

"शुगर होती," दिलीप धापा टाकत म्हणाला. "आता नाही."

त्यांनी बोटातून रक्ताचा थेंब घेतला, यंत्राकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

"दीड-दोन वर्षं झाली."

"कुणी बंद केल्या?"

"आमच्या सरांनी."

"कुठले डॉक्टर?"

"डॉक्टर नाहीत," मी म्हणाले.

दिलीपला आत नेल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. आवाज दमलेला होता, पण त्या सावकाश बोलल्या. "हा आजार सगळ्यांना सारखा होत नाही. वय जास्त असेल, वजन जास्त असेल, बीपी असेल, शुगर ताब्यात नसेल, तर तो खूप जोरात कोसळतो. तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत वय सोडलं तर बाकी सगळं आहे. फुप्फुसासाठी स्टिरॉइड द्यावंच लागेल, आणि त्याने शुगर आणखी वाढते. आम्ही इन्सुलिन देतोय. प्रयत्न करतोय." मी मान हलवत राहिले. "आणि भोईर सर?" मी विचारलं. "त्यांचं वय बघता त्यांचीही काळजी वाटते," त्या म्हणाल्या.

नातेवाइकांना आत जाता येत नव्हतं. आवारात पत्र्याची शेड घातली होती, तिथे आम्ही बसायचो. काकी आणि मी एकाच बाकावर. काकी गुडघ्यांवर कापडी पिशवी धरून असायच्या. एक दिवस दुपारी आतून सिस्टर आल्या आणि त्यांनी हाक मारली, "पुंडलिक भोईर यांचे नातेवाईक?"

काकी उठून उभ्या राहिल्या.

"त्यांच्या शुगरच्या गोळ्यांची नावं सांगा. ते स्वतः नीट सांगत नाहीयेत."

काकींनी पिशवीत हात घातला आणि दोन पाकिटं बाहेर काढली. "ही सकाळची, जेवनाआधी. ही रातची. आनि बीपीची येगळी, ती घरी राहिली, नाव सांगते."

"किती वर्षांपासून?"

"लई वर्सं. शालेत होता तवापासून."

सिस्टर पाकिटं घेऊन आत गेल्या. काकी बाकावर बसल्या, आणि बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मी शेजारी आहे. आमच्यापासून लांब कुणीतरी मोबाइलवर मोठ्याने बोलत होतं. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"काकी, सर गोळ्या घेतात?"

त्या पिशवीचं तोंड घट्ट आवळत होत्या.

"घेतात ना, बाय. रोज. मीच काढून देते."

"मग माझ्या नवऱ्याला का सोडायला लावल्या?"

"मी बोललेली त्याला," काकी म्हणाल्या. "म्हनलं, तुम्ही खाता आनि दुसऱ्यांना नको कशाला सांगता? तो बोलला, तू गप ऱ्हा, तुला नाय समजत. मी गप ऱ्हायली."

मी उठले आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. उन्हाने पत्रा तापला होता. खुर्ची नाकारणारा तो माणूस, पेढ्याचा तो कण, जिन्यात दिलेला तो शब्द, सगळं माझ्या डोळ्यांसमोर सुटं सुटं होऊन पडलं. मला रडू आलं नाही. अंगावर कुणीतरी गरम पाणी ओतावं तसं वाटत होतं. माझ्याच डोक्यावरच्या चौथ्या मजल्यावर रोज सकाळी एक बाई नवऱ्याच्या हातावर गोळी ठेवत होती, आणि तोच माणूस पाच मिनिटांनी खाली उतरून माझ्या नवऱ्याला सांगत होता की गोळी म्हणजे कुबडी.

आतून दिलीप व्हिडिओ कॉल करायचा. तोंडावर मास्क, आवाज यंत्राच्या घरघरीत बुडालेला. पहिल्या दिवसांत तो म्हणायचा, "सर समोरच्याच खाटेवर आहेत. मला सांगतात, पोटातून श्वास घे." मी त्याला काही सांगितलं नाही. ज्या आवाजाच्या आधाराने तो श्वास घेत होता तो आवाज मी कसा काढून घेणार होते?

त्याला ते त्याचं त्यालाच कळलं. व्हेंटिलेटरवर घेण्याच्या आदल्या दिवशी त्याचा कॉल आला. बोलताना मध्ये मध्ये थांबत होता.

"सुनीता, सरांना पण शुगर आहे. सिस्टर त्यांच्या गोळ्या घेऊन आल्या होत्या. पहिल्यापासून आहे म्हणाल्या."

"हो," मी म्हणाले.

"तुला माहीत होतं?"

"आता कळलं. काकींकडून."

"मला सांगितलं असतं तर काय झालं असतं गं? मी काय त्यांना हसलो असतो?"

"बोलू नकोस. दमशील."

"मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं."

तो आमचा शेवटचा संवाद. मृणालला त्याने हात हलवून दाखवला आणि कॉल बंद झाला. त्यानंतर तो यंत्रावर होता, शुद्धीत नव्हता. एका सकाळी रुग्णालयातून फोन आला. लांबून, काचेपलीकडून त्याला दाखवलं. घरी आणता आलं नाही. मृणाल आणि मी स्मशानाच्या फाटकाबाहेर उभ्या होतो.

मी त्या डॉक्टर बाईंना एकच विचारलं होतं. गोळ्या चालू असत्या तर तो वाचला असता का? त्यांनी डोळे मिटून घेतले. "असं मी म्हणू शकत नाही. सगळं नीट असलेली माणसंही इथून गेली आहेत. पण त्यांच्या शरीराला झगडायला थोडी जास्त जागा मिळाली असती, एवढं नक्की." ही थोडी जास्त जागा माझ्या मनात अजून तशीच मोकळी पडलेली आहे.

सर वाचले. वय, मधुमेह, रक्तदाब, सगळं असून वाचले. शुगर इतकी वर्षं ताब्यात होती आणि आयुष्यभराच्या व्यायामाने छातीत दम होता, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे त्यांच्या सांगण्यातलं निम्मं खरंच होतं. तेच मला जास्त जाळतं. त्यांनी दिलीपला पुरतं खोटं सांगितलं नव्हतं. आपल्याजवळच्या दोन गोष्टींतली एकच दिली होती आणि ती पुरेशी आहे असं सांगितलं होतं.

ते घरी आले तेव्हा इमारतीतल्या लोकांनी गॅलऱ्यांतून टाळ्या वाजवल्या. गावडे धरणावरच्या गटाच्या वतीने हार घेऊन आले होते. "या वयात करोनाला चीतपट केलं! एकही गोळी न घेता कमावलेलं शरीर आहे हे!" असं ते खाली उभं राहून ओरडले. मी ग्रिलच्या आड उभी होते. सरांनी मान वर केली, मी दिसले. मला वाटलं, आता तरी ते हात वर करतील, म्हणतील की असं बोलू नका. त्यांनी हार गळ्यात घालू दिला, हात जोडले आणि काठी टेकत जिना चढू लागले. माझ्या दारापाशी त्यांची पावलं क्षणभर थांबली. मी दार उघडलं नाही.

पुढच्या आठवड्यात ते आले. मी त्यांना आत घेतलं. पहिल्यांदाच ते न सांगता खुर्चीत बसले. भिंतीवर दिलीपचा फोटो होता, त्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"शालेत असताना निघाली," ते म्हणाले. "पी.टी.चा मास्तर, आनि शुगर! कोनाला सांगनार? पोरं हसली असती. मी सोडून बगितल्या गोळ्या. दोनदा. एकदा मैदानातच चक्कर येऊन पडलो. ऊन लागलं म्हनून सांगितलं सगळ्यांना. माझं नाय जमलं, सुनीताबाय. मला वाटलं, दिलीपचं जमेल."

"मग त्याला हे सांगायचं होतं. मी पडलो होतो, तू सांभाळून कर, एवढं सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर कोन आलं असतं माझ्या मागं?"

हे त्यांनी अगदी खरेपणाने विचारलं. त्यांना खरंच वाटत होतं की हा प्रश्न मला पटेल.

"दिलीप आला असता," मी म्हणाले. "तो तुमच्या मागे गोळ्या सोडायला येत नव्हता. तुम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवता म्हणून येत होता."

सर रडले. मोठ्या हाडापेराचा तो माणूस खुर्चीत वाकून रडत होता आणि मी पाण्याचा पेलासुद्धा पुढे केला नाही. रडणं थांबल्यावर ते म्हणाले, "मला माफ कर."

"माफी राहू द्या. गावडे यांच्या गोळ्या बंद आहेत. आणखी दोघा-तिघांच्या आहेत. धरणावर जाऊन त्यांना खरं सांगा. एवढंच करा."

"सांगतो," ते म्हणाले. "शब्द देतो."

महिना गेला. धरणावर गट पुन्हा जमू लागला होता, सर जात नव्हते. मग एक दिवस टेम्पो आला आणि सर-काकी कायमचे चांदीपला निघून गेले. जाताना काकी माझ्याकडे आल्या, सर नाही आले. "त्याच्यानी नाय होनार, बाय," एवढंच काकी म्हणाल्या.

मग मीच धरणावर गेले. सगळे गोल उभे होते. मी जे घडलं ते सांगितलं, गोळ्यांची पाकिटं मी स्वतः पाहिली हेही सांगितलं. कुणी माझ्याकडे बघेना. गावडे पुढे झाले आणि अगदी मायेने म्हणाले, "वहिनी, दुःखात माणूस कुणावर तरी राग काढतो. पण सरांवर नको. त्यांनी दिलीपला मुलासारखं मानलं होतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. खानावळवाल्या ताईंनी मला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. नवऱ्याच्या मृत्यूइतकीच ती सकाळ मला लागली. खरं बोलणारी मी होते, आणि सगळे समजूत माझीच घालत होते.

त्यानंतर काही वर्षांनी सर गेले. शेताच्या बांधावर फेरी मारताना छातीत कळ आली. फोन काकींनीच केला. "ये म्हनत नाय," त्या म्हणाल्या, "कलवलं." मृणालला आता नोकरी लागली आहे. ती म्हणाली, "कशाला जातेस?" चार वर्षं माझा नवरा त्या माणसामुळे हसला होता, हे उत्तर होतं. तो त्या माणसामुळे गेला असेल, हेही तेच उत्तर होतं. बाराव्याला मी चांदीपला गेले.

अंगणात मांडव घातला होता. सरांचे जुने विद्यार्थी, गावकरी, धरणावरची मंडळी, सगळे आले होते. चांगलं बोलत होते, आणि त्यातलं बरंच खरं होतं. एकाने सांगितलं, सरांनी त्याची दारू सोडवली. एकाने सांगितलं, सरांमुळे तो पोलिसात भरती झाला. मग गावडे उठले. ते बारीक झाले होते, चेहरा लालसर, बोलताना दम लागत होता. "असा माणूस पुन्हा होणे नाही," ते म्हणाले. "आयुष्यात औषधाच्या गोळीला शिवला नाही. करोनासुद्धा त्यांनी नुसत्या..."

"खायचा."

आवाज घराच्या दारातून आला होता. सिंधूकाकी उंबऱ्यावर उभ्या होत्या. त्या आयुष्यात कधी चार माणसांत बोलल्या नव्हत्या. गावडे गोंधळून थांबले.

"गोल्या खायचा. सकाली एक, राती एक. बीपीची येगळी. मी काढून द्यायची." त्या माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "हिच्या नवऱ्याला सोडायला लावल्या आनि स्वता खाल्ल्या. ही धरनावर सांगायला आलेली, तुम्ही तिला खोटी पाडली. ही खरी बोलत होती. मी गप ऱ्हायली, ते माझं पाप."

काकींचा पुतण्या उठून त्यांना आत नेऊ लागला, तर त्यांनी त्याचा हात बाजूला केला आणि आपल्या आपण आत गेल्या. गावडे उभेच होते. मग हळूच खाली बसले.

मी आत गेले. काकी चुलीपाशी पाठ करून बसल्या होत्या. मी जवळ बसले. जाऊ द्या, झालं ते झालं, असं काहीतरी त्यांना म्हणायला हवं होतं, पण माझ्याने म्हणवलं नाही. त्यांनीही त्याची वाट पाहिली नाही. "जेवून जा," त्या म्हणाल्या. मी जेवले.

परत निघाले तेव्हा रस्त्याच्या कडेला गावडे रिक्षाची वाट बघत उभे होते. मला पाहून त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"वहिनी, तुम्ही सांगितलं होतंत."

"हो."

"मी तुमचीच समजूत काढली."

"हो."

ते टोपी हातात फिरवत राहिले. "सकाळी उठलं की डोकं जड असतं. मी म्हणायचो, व्यायाम कमी पडतो. उद्या डॉक्टरांकडे जातो."

"उद्या नको," मी म्हणाले. "आज जा. आमच्या डॉक्टरांचा दवाखाना संध्याकाळी उघडा असतो. मी दाखवते."

रिक्षा आली. आम्ही दोघं बसलो. विरार येईपर्यंत आमच्यापैकी कुणीही सरांचं नाव काढलं नाही.